तिसऱ्या गिअरवर घाट

पैठण गेटजवळच्या टपरीत ते स्कूटरच्या इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडून बसलेले असायचे. आम्ही त्यांना नुसतं चाचा म्हणायचो. इंजिनाला जोर यावा म्हणून ते मोठे व्हॉल्व्ह बसवायचे, ते घट्ट बसावेत म्हणून घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्हला चिकटवलेली काडी दोन्ही तळव्यांत रवीसारखी घुसळायचे. मग हेडमध्ये रॉकेल ओतायचे आणि थेंब झिरपतो का ते चहा संपेस्तोवर बघत राहायचे.

अपघातात पाय गेल्यापासून त्यांचं गाडी चालवणं सुटलं होतं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गळ, "गाडी दौलताबादचा घाट तिसऱ्यावर चढली का, तेवढं येऊन सांगा भाऊ." सांगायला कुणी फिरकत नसे.

माझी स्कूटर त्यांच्याकडून करून घेतली, घाट चढवून आणली आणि मी मात्र सांगायला गेलो. "चढली चाचा, तिसऱ्यावरच."

"आवाज कैसा था?"

मी तोंडानंच आवाज काढू लागलो. चाचांनी डोळे मिटले आणि दोन्ही मुठी हवेतल्या हँडलवर धरल्या. शेवटच्या वळणावर मी खरं तर गिअर उतरवला होता. तेवढं मी लपवलं होतं. माझा आवाज त्या वळणावर पोचला, तशी त्यांची गिअरची डावी मूठ हळूच फिरली, दुसऱ्या गिअरवर.

डोळे मात्र त्यांनी उघडले नाहीत.