अंड्यासारखं चाक

सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांना सारी गल्ली आऊटकाका म्हणायची. रस्त्यावरून वाकडं, म्हणजे त्यांच्या भाषेत 'आऊट', चाक गेलं की ते त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. एकदा एक चोर कुणाची तरी सायकल पळवत होता. काका ओरडले, "अहो पाहुणे, मागचं चाक आऊट आहे, दोन मिनिटं थांबा!" आणि तो शहाणा खरंच थांबला की हो!

काकांची बायको गेली तेव्हा लेक पाळण्यात होती. मागे उरली एक व्हिडिओ कॅसेट. मेव्हण्यानं कुठूनसा कॅमेरा मागून आणून बहिणीला सायकल शिकताना टिपलं होतं. कॅसेट लावायचं यंत्र मात्र घरात कधी आलंच नाही. आता कमावती झाल्यावर लेकीनं ती स्टुडिओत देऊन पेनड्राइव्हवर उतरवून आणली. आई कशी होती, हे ती पहिल्यांदाच बघणार होती.

टीव्ही लागला. लेक म्हणाली, "आई चांगली गुबगुबीत होती की! मग मी कुणावर गेले?"

काका टीव्हीजवळ सरकले. कॅरिअरवर बसली की नाही, हे मागे वळून बघावं लागायचं, इतकी हलकी बाई! आपणच विसरलो की काय? तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली.

"थांब! चाक बघ, अंड्यासारखं झालंय."

"बाबा, आईकडे बघा ना, चाकाकडे काय बघता!"

"अगं, तिचं चाक मी स्वतः सरळ केलेलं. ते असं असणंच शक्य नाही."

दोघं तडक स्टुडिओत गेली. तिथल्या ताई हसल्या. "माझीच करणी, काका. जुनं चित्र जवळजवळ चौकोनी, नवा टीव्ही लांबुळका. आहे तसं ठेवलं तर दोन्हीकडे काळ्या पट्ट्या येतात. गिऱ्हाईक म्हणतं, एवढा मोठा टीव्ही काय पट्ट्या बघायला घेतला? म्हणून मी ताणून बसवते."

"पट्ट्या किती का येईनात," काका म्हणाले, "माझी बायको तेवढी ताणू नका."

ताईंनी हातातलं काम बाजूला सारून कॅसेट पुन्हा लावली. काकांनी खिशातली चाकाची तार काढून पडद्यावर धरली. चाकाची रुंदी-उंची सारखी भरते का बघायला आडवी धरली, उभी धरली. चित्र दोन्ही अंगांनी आत आत येत गेलं. "बास! आलं गोलात!"

घरी दोन काळ्या पट्ट्यांच्या मधून एक काटकुळी बाई सायकलवर झोकांड्या खात आली, कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि धपकन पडली. लेकीचा हात आपसूक स्वतःच्या टोकदार हनुवटीकडे गेला.

"बाबा, ही तर मीच!"

काकांनी मनातल्या मनात मेव्हण्याला हात जोडले, ताईंना जोडले, आणि त्या गोल चाकाला तर दोनदा.

"रडताय?" लेकीनं विचारलं.

"छे गं. मागचं चाक जरा आऊट दिसतंय. तेवढं करायचं राहून गेलं बघ."