भोंग्यावरची दुसरी भाषा

गिरधर आमच्या शिरपूरजवळच्या गावात रिक्षा चालवतो आणि तिच्यावर भोंगा बांधून गावभर सूचना देतो. रिक्षा आमच्या फाटकासमोर निंबाखाली उभी असते, त्यामुळे त्याचा आवाज मला पाठ आहे.

पाणीपट्टी, लसीकरण, वीज बंद, हे तो कागदावरच्या मराठीत वाचतो. तेव्हा कोणी हातातलं काम सोडत नाही. कुणाची गाय हरवली, कुणाकडे मयत झाली, हे मात्र तो अहिराणीत सांगतो. मग बाया पिठाच्या हातांनी दारात येतात.

यंदा मे महिन्यात ऊन फार चढलं, तेव्हा ग्रामपंचायतीतला किरण उष्माघाताच्या सूचनेचा कागद घेऊन आला.

"भाऊ, हाई आपली बोलीमा सांगू का?" गिरधरने विचारलं.

"नको. सूचनेचा व्हिडिओ तालुक्याला पाठवायचाय. तुमची अहिराणी वरातीत चालवा, गिरधरभाऊ."

"वरातमा तरी लोके आयकतस."

"इथे काय कान नाहीत लोकांना?"

गिरधर हसला आणि निघाला. 'नागरिकांनी दुपारी बारा ते चार या वेळेत उन्हात जाणे टाळावे.' मजकुरात चूक नव्हती. न कळण्यासारखंही काही नव्हतं. गिरधरचा थोरला भाऊ वना तर रोज वर्तमानपत्र वाचायचा. त्या दुपारी तो रस्त्यालगतच्या वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचत होता. भावाची रिक्षा त्याच्या बांधाजवळून गेली. थोड्या वेळाने तो कोसळला आणि शिरपूरला नेताना वाटेतच गेला.

मी त्यांच्या दारावर सांत्वनाला गेले. वनाची बायको भिकुबाई आल्यागेल्याला तेच सांगत होती. "मी म्हनं, चाला घर, तुमले सकायपाईन चक्कर ई राहिनी. तर म्हनेत, बस जराशी. गिरधर सरकारनं वाची राहिना. आपलासाठे ऱ्हातं ते आपली बोलीमा सांगता."

गिरधर भिंतीला टेकून ऐकत होता. त्याला कोणी बोल लावला नाही. एक म्हातारा म्हणालासुद्धा, "त्यानं काय चुकनं? वाचं ना त्यानी."

माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. सिस्टरांचं इंग्रजीतलं रागावणं मला शब्दन् शब्द आठवतं, पण त्यातलं काही मनाला लागलं नाही. आई नुसतं "काय गं हे?" म्हणाली की घास उतरत नसे. म्हणून वनाचं बोलणं मला नवल वाटलं नाही.

दहावा झाला, तरी ऊन तसंच होतं. किरण पुन्हा आला. खाली बघत म्हणाला, "तुमच्या बोलीत सांगा, भाऊ. व्हिडिओचं मी बघतो."

गिरधरने माइक घेतला. "माय-बापहो, दुपारले वावरमा..." एवढंच बोलून थांबला. दारं उघडली. बाया आल्या, ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. त्याने परत सुरुवात केली आणि वावराशीच अडला. सगळे वाट बघत होते.

मग त्याने खिशातून कागद काढला. "नागरिकांनी दुपारी बारा ते चार या वेळेत..." कुठेही न अडखळता त्याने शेवटपर्यंत वाचलं.

बाया आत गेल्या. ओट्यावरचा एक जण फावडं खांद्यावर टाकून वावराकडे निघाला.