त्रैमासिक भाडेकरू कायदा

आता काय सांगू तुम्हाला, लोक आपली चूक लपवतात. मी माझ्या चुकीला लाल कापडी बाइंडिंग केलं, वर सोनेरी अक्षरं छापली आणि समोरच्या कपाटात ठेवली!

सदर भागातल्या एका लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात मी पुस्तकांच्या नोंदी करते. एकदा भाडेकरू कायद्याची जाडजूड फाईल आली, सगळी सुटी पानं. कॉम्प्युटर विचारतो, प्रकार कोणता? पुस्तक, नियतकालिक, की 'अद्ययावत होत राहणारे'? आता ही तिसरी काय भानगड? पण विचारायचं कोणाला? पंधरा वर्षांचा अनुभव माझा! नव्या पानांचं पाकीट दर तीन महिन्यांनी येणार होतं. म्हणजे त्रैमासिकच की! ठोकलं 'नियतकालिक'.

मग पाकीट आलं की अंक क्रमांक, शिक्का, नोंद. पानं मात्र एक्केचाळीस, बेचाळीस आणि एकदम एकशे सतरा! मी प्रकाशकाला खरमरीत पत्र धाडलं, "मधली पानं पाठवायला विसरलात." सहा अंक जमले, तसा देखणा लाल खंड बांधून घेतला.

एका दुपारी गजभिये वकील कोर्टातून तडक आले. आमचेच जुने विद्यार्थी, अजून आमच्याच फाईलीवरून केस तयार करतात.

"काहून जी मॅडम, तुमच्या फाईलीतला नियम कधीचा आहे?"

"एकदम ताजा! दर तीन महिन्याले नवीन अंक येते."

"मंग जजसाहेब काहून म्हणून राहिले का हा नियम बदलला म्हणून?"

मी ऐटीत लाल खंड आणून आपटला. त्यांनी फाईल शेजारी उघडली. इकडे पान एक्केचाळीस, तिकडेही पान एक्केचाळीस. नियम मात्र वेगळा!

"मॅडम, जुनं पान काढून हे लावाचं होतं जी!" ते कपाळाला हात लावून म्हणाले. "कुही गावच्या एका म्हातारीचं राहतं घर आहे या केसमधी. नशीब, आठ दिवसाची तारीख भेटली."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली हो! बाइंडिंग मी स्वतः कटरनं फाडलं. चार दिवस एकेक पान काढून नवं लावलं. एक्केचाळीस नंबर तर तीनदा बदलला! कॉम्प्युटरवरचा प्रकारही सुधारला. आणि गंमत बघा, नवा नियम म्हातारीच्याच बाजूचा निघाला. घर वाचलं!

मग काय, माझी मान ताठ! मी इतर ग्रंथपालांना ही पद्धत शिकवायला लागले. रामदासपेठेतल्या कार्यशाळेला तर प्रमुख पाहुणे म्हणून मीच गजभिये वकिलांना आग्रहानं बोलावलं. माझं भाषण रंगलं, टाळ्या पडल्या. एका बाईंनी भारावून विचारलं, "मॅडम, इतकं बारकाईचं काम तुम्ही शिकलात तरी कुठं?"

मी नम्रपणे हसून तोंड उघडणार, तेवढ्यात पाहुण्यांनीच माईक ओढला.

"कोर्टात! आन् शिव्या खाल्ल्या म्या!"