ग्रुप सोडला आणि गव्हाण गाठलं

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास मी कामोठ्याच्या घरून निघालो. एका हातात बर्फीचा डबा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि खिशात फोन नाही. फोन मुद्दामच घरी ठेवला होता. सगळी समाजमाध्यमं सोडून बरोबर आठवडा झाला होता, आणि नव्या बैराग्याला चढतो तसा मला थोडा माज चढला होता.

"गव्हाण सापडेल ना तुला?" माझ्या बायकोने, अश्विनीने, आतून विचारलं.

"लहानपणी अख्खा मे महिना ताईकडे काढलाय मी तिथे."

"आता लहान नाहीस. आणि गेल्या चार वर्षांत गेलेला नाहीस."

हे खरं होतं. लोक लडाखला जाऊन येतात आणि माझी सख्खी बहीण पनवेलपासून तासाभरावर असून मी चार वर्षांत तिच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. ठेवायची गरजच वाटली नव्हती. 'आपली माणसं' नावाच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर ती रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकायची, मी कधीमधी अंगठा दाखवायचो. झाली भेट.

या प्रवासाला निघायची पाळी का आली, ते आधी सांगायला हवं. दहा दिवसांपूर्वी मला मुलगी झाली. नर्स तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली, तेव्हा मी 'मुलगी झाली हो!' अशी पोस्ट लिहीत होतो. नर्सने बाळ पुढे केलं आणि मी म्हणालो, "एक मिनिट." माझ्या लेकीने माझ्या तोंडून ऐकलेले पहिले दोन शब्द हे. नर्सने ज्या नजरेने पाहिलं ती मला दोन रात्री झोपू देईना. तिसऱ्या दिवशी मी सगळं बंद करायचं ठरवलं. आधी अर्थातच एक लांबलचक निरोपाची पोस्ट लिहिली. ती किती जणांना आवडली हे बघायला तीनदा परत गेलो. मग एकेक ग्रुप सोडत सुटलो आणि अ‍ॅपच काढून टाकलं.

त्यातला एक ग्रुप 'आपली माणसं'. तिथे कुणी रुसायला नको म्हणून सगळेच अ‍ॅडमिन, त्यामुळे कोण सोडून गेलं ते सगळ्यांना दिसतं. आणि मी तो सोडला त्याच्या अर्धा मिनिट आधी ताईने तिथे माझ्या मुलीसाठी नाव सुचवलं होतं. तिच्या मेसेजच्या बरोबर खाली सगळ्या नातेवाइकांना दिसलं, 'दिनेश लेफ्ट'.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाचवीच्या पूजेला ताई आली नाही, फोन उचलेना, तेव्हा अश्विनीने सांगितलं. रविवारी बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आमच्या बाळाला आत्या एकच. तिने निरोप धाडला होता, "ज्याला नाव नको, त्याच्या घरच्या बारशाला मी कशाला?"

"पण नाव काय सुचवलं होतं तिने?" मी विचारलं.

"मी नाही सांगणार," अश्विनी म्हणाली. "तिलाच जाऊन विचार."

पनवेलच्या स्टँडवरून उरणची बस मिळाली. खिडकीची जागा मिळाली. बरोबर फोन नसला की खिडकीतून बाहेर बघावं लागतं, हा शोध मला पनवेलच्या पुढे लागला. रस्त्याच्या एका अंगाला कंटेनरचे ट्रेलर मुंग्यांसारखे रांगेत, दुसऱ्या अंगाला खाडी, तिवरांची हिरवी गर्दी आणि चिखलात एका पायावर उभे बगळे. लहानपणी या वाटेवर ओळखीचा एक डोंगर लागायचा. विमानतळासाठी तो कापून सपाट केला. त्या जागेवरून एक विमान अगदी डोक्यावरून गेलं.

'डोंगर गेला, विमान आलं.' मला ओळ सुचली. फोटोखाली झकास शोभली असती. मग वाटलं, 'गेला'पेक्षा 'उडाला' बरं. 'डोंगर उडाला, विमान उतरलं.' मग वाटलं, विमान तर चढत होतं. फोन नव्हता, फोटो नव्हता, वाचायला कुणी नव्हतं, तरी मी खिडकीला डोकं टेकून त्या एका ओळीवर रंधा मारत बसलो. शेवटी ती मनासारखी जमली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "कुठे उतरायचं तुम्हाला?"

"गव्हाण फाटा."

"तो मघाशीच गेला. आता द्रोणागिरी आलं."

द्रोणागिरी म्हणजे रुंद रस्ते, उंच गोदामं आणि चालणारा माणूस औषधालाही नाही. उन्हात बर्फीचा डबा सांभाळत उभा राहिलो. एका कोपऱ्यावर चहाची टपरी दिसली. मालक साठीचे, पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी. मूळचे उरणचे, बावीस वर्षं आखातात काढून आलेले, असं त्यांनीच सांगितलं. गव्हाणला परत कसं जायचं विचारलं, तर आधी बसायला स्टूल दिलं.

"फोनवर बघा ना रस्ता."

"फोन आणला नाही. सोडलंय सगळं."

"माशाल्ला," ते म्हणाले, आणि माझ्याकडे आजारातून उठलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "माझा मुलगा मस्कतला असतो. रोज व्हिडिओ कॉल. पण त्याची आई फोन असा धरते, की पोराला दोन वर्षं झाली, अम्मीचं नुसतं कपाळ आणि वरचा पंखा दिसतोय. परवा म्हणाला, अब्बा, पंखा पुसून घ्या."

मी हसलो, आणि का कोण जाणे, त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चहा गाळता गाळता मान हलवली.

"बाळाची फुफी नाराज केलीत? मग अवघड आहे. आमच्यातसुद्धा फुफी रुसली की लग्नाचा पुलाव कुणाच्या घशाखाली उतरत नाही. जा लवकर. आणि हे बघा, सफाई देत बसू नका. बहिणीपुढे सफाई चालत नाही."

त्यांनी एक रिक्षा थांबवून मला आत कोंबलं. सल्ला मोलाचा होता. मी तो तासाभरात विसरलो.

गव्हाण मी ओळखलंच नाही. मनात बसली होती ती लहानपणची कौलारू घरं, अंगणं आणि मिठागराकडे जाणारी पायवाट. आता प्रकल्पांत जमिनी गेल्यावर मोबदल्यातून उठलेले तीन-तीन मजली बंगले, सोनेरी रंगाची फाटकं. तरी गाव आपली खोड सोडत नाही. एका नव्याकोऱ्या गाडीच्या बॉनेटवर मासे धरायचं जाळं वाळत घातलं होतं, आणि गाडीचा मालक शेजारी बसून ते तुणत (फाटलेले धागे सांधत) होता.

एका ओट्यावर म्हातारी बाई जवळा निवडत बसली होती. मी भाऊजींचं नाव सांगून घर विचारलं. तिने मला खालून वर न्याहाळलं.

"वनीचा भाऊस काय तू?"

"हो."

"ग्रुप सोरून गेला, तो?"

मी ग्रुपमधून गेलो ही बातमी ग्रुपमध्ये नसलेल्या माणसांपर्यंत इतकी व्यवस्थित पोचली होती. मी मान खाली घातली.

"तिसरा घर. निल्ला गेट," ती म्हणाली. "जा. ती घरानच हाय. तुज्यावरच रागावलेली हाय."

वनिताताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिने मला कडेवर वागवलंय, त्यामुळे ती रागावली की मी आपोआप आठ वर्षांचा होतो. दार उघडून तिने माझ्याकडे पाहिलं, बर्फीचा डबा घेतला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. थोड्या वेळाने पान वाढलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, माझा जीव की प्राण. रागावलेली असूनही तिने माझ्या आवडीचं केलं होतं. म्हणजे मी येणार हे अश्विनीने कळवलं होतं, आणि रागाचं मला वाटलं तेवढं वजन नव्हतं, असं मी मनात धरलं. इथेच चुकलो. तिसऱ्या भाकरीला मला धीर आला आणि मी सफाई द्यायला लागलो.

"ताई, तू उगाच मनाला लावून घेतलंस. मी तुझ्या नावाला नाही म्हटलंच नव्हतं. मी तर तुझा मेसेज वाचलाच नव्हता!"

मला वाटलं, झालं, सुटलो. ताईची भाकरी तव्यावरच राहिली.

"वाचलासच नाय?"

"नाही ना. तेच तर सांगतोय."

"मना वाटलं, नाव आवरलं नाय. तो राग मी गिललाही आसता. पन तू वाचलासच नाय." ती खाली बसली. "दिनू, तीन दिस लागले मना ते लिवाला."

भाकरी करपली. मी उठून गॅस बंद केला.

मग तिने पदराला हात पुसून स्वतःचा फोन माझ्यापुढे सरकवला. "आथा वाच."

मी वर सरकवत गेलो. फुलं, पुन्हा फुलं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि मग तो मेसेज. ताई सातवीपर्यंत शिकलेली. जोडाक्षरं बरीच चुकली होती, पण मजकूर असा होता: 'दिनू, पोरीचे नाव सायली ठेव. पहिल्या वेळेस मला दिवस गेले तेव्हा हे नाव मी मुलीसाठी ठरवले होते. मला दोन्ही मुलगे झाले. नाव तसेच राहिले. तुला मुलगी झाली तर ते तिला द्यावे असे वाटले. आवडले नाही तर तसे सांग, राग नाही.'

आणि त्याखाली, 'दिनेश लेफ्ट'.

त्यानंतर बराच वेळ कुणीच काही लिहिलं नव्हतं. मोठ्या काकांनी संध्याकाळी हात जोडले होते. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फुलं सुरू झाली होती, पण त्यात ताईचं नव्हतं.

मला रडू आलं. निवट्यांच्या कालवणात तिखट असतं, पण ते कारण नव्हतं. वीस-बावीस वर्षं जपलेली वस्तू तिने उंबऱ्यात आणून ठेवली, आणि मी तिच्यासमोर दार लावून घेतलं. तेही वैराग्य मिळवायला.

"सायली," मी म्हणालो. "ताई, मला आवडलं. खरंच."

"मना सांगून काय? घरी आलास, मना समजलं. पन माजी शोभा झाली ती तितं, सगल्यांच्या म्होरं. तितं सांग."

"मी ग्रुपमध्ये नाही ना आता. तुझ्या फोनवरून लिहू?"

"म्हंजे मीच माजं कौतुक करतंय असं दिसंल." तिने क्षणभर विचार केला. मग फोन माझ्या तोंडापुढे धरला. "तू बोल. आवाज तुजाच हाय ना? मी दाबून धरतंय."

मी घसा खाकरला. "नमस्कार. सर्व नातेवाइकांना कळवण्यात येतं की…"

"क्लासमदली सूचना नको देऊस," ताईने ते पुसून टाकलं. मी कामोठ्यात गणिताचे क्लास घेतो, ते तिला चांगलं ठाऊक आहे. "नीट बोल."

दुसऱ्यांदा मी नीट बोललो. म्हणालो, मी दिनेश, ताईच्या घरातून बोलतोय. तिने नाव सुचवलं ते मी वाचलंच नाही, चूक माझी. आज वाचलं. आमच्या मुलीचं नाव सायली. रविवारी तिची आत्या तिच्या कानात सांगेल, सगळे या. ताईने बोट काढलं, मेसेज गेला. मग तिने तो लावून ऐकला. मी समोर बसलेलो असताना तिने तो तीनदा ऐकला.

बर्फीचा तुकडा तोंडात टाकत ती म्हणाली, "एक सांगू? चार वर्सं ग्रुपमदी व्हतास, तवा एकदा तरी आलास काय घरी? ग्रुप सोरलास, तर आठ दिसांत पाय लागले तुजे. परत नको येऊस ग्रुपमदी. घरी येत जा."

निघताना तिने सुक्या बोंबलांची पुडी दिली. "येतो," मी म्हणालो. "ये," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तोच शब्द डोक्यात राहिला. आपल्याकडे कुणाच्या घरून उठताना 'जातो' म्हणत नाहीत. शेजारच्या दुकानात निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो. मी सोळा माणसांच्या घोळक्यातून न सांगता उठून गेलो होतो, आणि त्याला शिस्त समजत होतो. समाजमाध्यमं सोडली याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तिकडे परत जाणारही नाही. पण माणसांमधून उठताना मान वर करून एकदा बघायला हवं होतं की कोण काय बोलतंय. या वेळी मी कसलीच ओळ रचली नाही आणि पनवेलला अगदी वेळेवर उतरलो.

घरी पोचलो तेव्हा अश्विनीने माझा आवाज केव्हाच ऐकला होता. काकांचे, मावशीचे, सगळ्यांचे निरोप येऊन गेले होते. सर्वांत शेवटी पोचलो तो मी.

"सांगितलं का नाव तिने?" तिने हसत विचारलं.

"सांगितलं." मी हातपाय धुऊन बाळाशेजारी बसलो. ती जागी होती, मुठी चोखत. नाव अगदी ओठांवर होतं. घडलेली कुठलीही गोष्ट पाच मिनिटांत गावभर करणारा माणूस मी. पण या एका माणसाला ती बातमी द्यायचा हक्क माझा नव्हता. रविवारपर्यंत अजून दोन दिवस होते. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि गप्प बसलो. या वेळी मी तिला एक मिनिट थांब म्हणालो नाही. थांबलो मीच.