नाही म्हटल्यास काय होईल?

श्रीमती वत्सलाताई नाफडे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या उभ्या होत्या. चौदा वर्षांपूर्वी लखनौच्या महानगर भागात, कपूरथला बाजाराच्या मागे, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर मी मुलाखतीसाठी गेलो होतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कंपन्यांचे वार्षिक अहवाल छपाईपूर्वी तपासणे हे माझे तोवरचे काम. सुरक्षा सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या या छोट्या कंपनीला मजकूर तपासणारा हवा होता. खोलीत तीन खुर्च्या असूनही ताई खिडकी ते दार अशा फेऱ्या घालत होत्या. त्यांनी माझ्या हाती एक छापील कागद दिला. एखादा प्रोग्राम काही मागू लागला की आमचे सॉफ्टवेअर मध्ये थांबून 'अनुमती द्या' की 'नाकारा' असे विचारते. ती ही सूचना. मी दोन मिनिटांत तिच्यातील तीन चुका दाखवल्या. त्यांनी कागद घेतला, पालथा घातला आणि विचारले, "आता सांगा, यात तुमच्याकडं काय मागितलं होतं?"

मी पुन्हा त्या तीन चुकाच सांगू लागलो.

"चुका सापडतात तुम्हाला," त्या म्हणाल्या. "अर्थ सापडायला वेळ लागेल. सोमवारपासून या."

त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी तत्काळ होकार दिला आणि नंतर तीन खर्डे फाडले. आमच्या सूचनांमधील ताईंचे चौथे वाक्य, नाही म्हटल्यास काय थांबेल हे सांगणारे, काढून टाकण्याचा प्रस्ताव माझ्या स्वाक्षरीसाठी टेबलावर पडून होता. ते वाक्य म्हणजे त्यांच्या इथल्या कामाचे सार. आणि ते फारसे वाचले जात नाही, हे मला स्वतःला आढळले होते. सत्काराच्या ग्रंथात हे लिहावे का, आणि त्याआधी ते त्यांना सांगावे का, याचा निर्णय होत नव्हता.

ताई मूळच्या अकोल्याच्या. रेल्वेत सिग्नल विभागात अभियंता म्हणून त्यांनी उमेदीची वर्षे काढली, बदलीने लखनौला आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. केबिनमधील धोक्याच्या घंटांसाठी सूचनाफलक लिहिणे हे त्यांचे शेवटच्या काळातील काम. कशासाठी वाजते ते न सांगणारी घंटा बंद कशी करायची, हे माणूस पहिल्याच आठवड्यात शिकतो, असे त्या म्हणत. निवृत्तीनंतर घरी बसणे त्यांना अडीच महिने जमले. तेही अवघड गेले, असे त्यांच्या सूनबाई सांगतात. मग त्या या कंपनीत सूचना लिहायला आल्या.

चौथे वाक्य जन्माला आले ते एका प्रसंगातून. रिझवानभाई 'चौक' या लखनौच्या जुन्या बाजारातले, चिकनकारी भरतकामाचे जुने दुकानदार. एके दिवशी ते रुमालात गुंडाळलेला फोन घेऊन आमच्या कार्यालयात आले, जणू आजारी पाखरू आणले असावे. पार्सल पोहोचवण्याच्या नावाखाली फोनमध्ये शिरलेल्या एका ॲपने त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांच्या नावे घाणेरडे संदेश पाठवले होते. वडिलांच्या काळापासून येणारी घराणी आता त्यांचा फोन उचलत नव्हती. आमच्या सॉफ्टवेअरने त्या ॲपला रोखून त्यांना विचारले होते. त्यांनीच अनुमती दिली होती. सूचनेचा मजकूर माझ्या तपासणीतून गेलेला होता: 'या ॲपने संवेदनशील परवानगीची विनंती केली आहे.' शब्दन्‌शब्द बरोबर. तक्रारवहीत मी 'वापरकर्त्याची चूक' अशी नोंद केली.

ताईंनी मात्र बटण का दाबले, हे रिझवानभाईंनाच विचारले. ते ओशाळून म्हणाले, "मोहतरमा, ऊपर हरी ढाल तो आपकी बनी थी. हमने समझा, आप ही इजाज़त माँग रही हैं. सोचा, मना करेंगे तो फ़ोन बंद हो जाएगा."

ताई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडून माफी मागितली. मग वही माझ्यापुढे सरकवली. "ही चूक त्यांची, हे कोणी ठरवलं? तुम्ही की त्यांनी?" मी माझी नोंद खोडली. इतक्या वर्षांत स्वतःच्या हाताने खोडलेली ती माझी एकमेव नोंद आहे, आणि तिच्याविषयी मला आजही स्वस्थता नाही.

त्यानंतर कित्येक दुपारी ताई मला चौकात घेऊन गेल्या. गल्लीत रिक्षा शिरत नसे. पासष्टी गाठत आलेल्या ताई पुढे आणि मी धापा टाकत मागे. दुकानदार, कारागीर बायका, चहावाले यांना त्या नवी सूचना दाखवत, बटण दाबू देत, लगेच पडद्यावर हात ठेवत आणि विचारत, "अब बताइए भैया, किसको क्या दे दिया?" उत्तर चुकले की मजकूर बदलायचा, माणूस नाही. एका कारागीर बाईंनी तर त्यांना सुनावले, "बहनजी, आप तो पुलिस से भी ज़्यादा पूछती हैं." ताईंनी ते हसून मान्य केले आणि पुढचा प्रश्न विचारला. अखेर सूचनेवरची, आमच्या कंपनीचे चिन्ह असलेली हिरवी ढाल गेली आणि चार वाक्ये ठरली: कोण मागत आहे, दिल्यास त्याला काय दिसेल, आम्हाला त्यात काय खटकले, आणि नाही म्हटल्यास तुमचे काय थांबेल. बहुतेक वेळा या चौथ्याचे उत्तर 'काहीही नाही' असे असते. लोक लोभाने नव्हे, काहीतरी बंद पडेल या भीतीने होकार देतात, हे ताईंनी ओळखले होते.

त्यांच्या स्नेहाचा एकच प्रसंग सांगतो. माझे वडील इस्पितळात होते आणि शस्त्रक्रियेचा संमतिअर्ज माझ्यासमोर आला. मजकूर तपासणे हा ज्याचा व्यवसाय, त्या माझ्या डोळ्यांपुढे ओळी सरकत होत्या आणि अर्थ लागत नव्हता. ताई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी अर्ज माझ्याकडून घेतला, उभ्यानेच पूर्ण वाचला आणि तरुण डॉक्टरांना विचारले, "आज मना कर दें तो क्या होगा?" डॉक्टर स्टूल ओढून बसले. आज काही बिघडणार नाही, उद्या सकाळपर्यंत वेळ आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. सांगलीहून निघालेला माझा भाऊ सकाळी पोहोचला. आम्ही दोघांनी वडिलांशी बोलून मग सही केली.

आता टेबलावरच्या प्रस्तावाविषयी. आमचे नवे उत्पादनप्रमुख श्रीवास्तवजी कामसू गृहस्थ आहेत. "सर, कोई पढ़ता नहीं है. दो लाइन रखिए, बटन बड़ा कीजिए," असे त्यांचे म्हणणे. ते खोडून काढण्याच्या निश्चयाने मी एकटाच चौकात गेलो आणि ताईंच्याच पद्धतीने विचारले. पहिली दोन वाक्ये लोकांना नीट सांगता आली. तिसऱ्यापाशी अडखळले. चौथे जवळजवळ कोणीच वाचलेले नव्हते. श्रीवास्तवजींचे निदान निम्मे खरे ठरले, आणि त्या अर्ध्यानेच माझी झोप उडवली. स्वाक्षरी केली तर रिझवानभाईंची भीती पुन्हा अनुत्तरित राहणार. न केली तर न वाचले जाणारे वाक्य केवळ आदरापोटी जपल्यासारखे होणार.

मी प्रथम ताईंना फोनवर आडून विचारून पाहिले. त्यांनी हसण्यावारी नेले. "मी आता उत्सवमूर्ती, आरवाडे. माझं मत हारापुरतं." शेवटी गेल्या रविवारी घरी जाऊन मी स्पष्ट सांगितले की ताई, तुमचे वाक्य लोक वाचत नाहीत.

ताई उठल्या. गुडघ्याच्या दुखण्यामुळे अलीकडे भिंतीचा आधार लागतो, तरी दोनदा खिडकीपर्यंत जाऊन आल्या.

"कितव्या ओळीपर्यंत वाचतात?"

"दुसऱ्या."

"मग बाप्पा, इतकी वर्षं आपण ते चौथं काहून ठेवलं?"

त्यांनी पेन्सिल मागितली, चौथे वाक्य उचलून सर्वांत वर लिहिले आणि त्याखाली 'कोण' आणि 'काय' एकाच ओळीत बसवले. तिसरे वाक्य त्यांनी स्वतः खोडले. ते त्यांचे आवडते होते, हे मला ठाऊक आहे. मग कागद माझ्या हाती देत म्हणाल्या, "श्रीवास्तवजींना दोनच ओळी हव्या होत्या ना? द्या. पण आधी चौकात नेऊन विचारा. माझ्या शब्दावर सही करू नका."

प्रस्तावावर मी स्वाक्षरी केलेली नाही. नव्या दोन ओळी घेऊन उद्या दुपारी चौकात जाणार आहे आणि श्रीवास्तवजी सोबत येण्यास तयार झाले आहेत. लोकांना त्या ओळी कळतील, याची खात्री मला देता येत नाही. ताईंनाही नाही, म्हणून तर कालपासून त्यांचे तीन फोन येऊन गेले.

वत्सलाताईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे त्यांच्या मनाच्या वेगाला साथ देवोत आणि दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो. त्यांना स्वस्थता लाभो, असे मात्र मी मागत नाही. ती त्या नाकारतीलच. उद्या चौकातून काय उत्तर येते ते ऐकायला त्या दारातच उभ्या असतील. ते चुकीचे आले तर मजकूर पुन्हा बदलण्यासाठी त्या आम्हाला दीर्घकाळ हव्या आहेत.