स्प्रिंगचा दांडा आणि दादाचा हात

आमच्या जावयांना जगातलं कुठलंही काम एका बोटानं होतं असं वाटतं. ते माझ्या पुतणीचे यजमान, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतात. हिंगणघाटला सासुरवाडीला आले की पलंगावर मांडी घालून बसतात, आणि मी व दादानं जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये काय केलं ते ऐकून अशी मान डोलावतात, की जणू आम्ही दगडाची भांडी घडवत होतो.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, जावयांचा सासरा. तीस वर्षं तो हेड फिटर होता आणि मी त्याच्या हाताखाली. दोन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. बोटं धरायची, पण ओढायची ताकद राहिली नाही. हात वापरला नाही तर आहे तेवढाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो दादानं पहिल्याच दिवशी कपाटावर ठेवून दिला. पुढं तर तो कुणावर चिडेनासाही झाला. ज्या माणसानं मला तीस वर्षांत एकदाही शाबास म्हटलं नाही, तो आता मी चहात साखर विसरलो तरी गुमान पिऊन टाकायचा. मला त्याच्या चिडण्यापेक्षा याचीच जास्त भीती वाटायची.

दिवाळीला जावयांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर आणून दादापुढं मांडला आणि त्यात पिनबॉल लावून दिला. पडद्यावर उतरतं टेबल, दिवे, घंट्या आणि उजव्या कडेच्या अरुंद गल्लीत एक गोळी. लहानपणी दादानं फळीवर खिळे ठोकून असाच खेळ बनवला होता, बेअरिंगच्या गोळ्यांचा. त्यात स्प्रिंगचा दांडा मागं ओढून सोडायचा. जेवढी ओढ, तेवढी गोळी वर. आणि इथं? "बाबा, कीबोर्डवरची ही लांब पट्टी दाबा, बस," जावई म्हणाले.

दादानं डाव्या बोटानं दाबली. गोळी उडाली.

"दारावरची घंटी हाय का हे?" तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

कितीतरी महिन्यांनी त्यानं कशाला तरी नावं ठेवली होती. मी तिथंच ठरवलं, याला खरा दांडा करून द्यायचा. ओढायच्या निमित्तानं हात तरी हलेल.

"काका, ऑनलाइन तयार मिळतो," जावयांनी फोनवर चित्र दाखवलं. प्लॅस्टिकचा, गुळगुळीत, लग्नात आहेर म्हणून द्यावा तसा. जावयांना उलटून बोलायची आपल्यात रीत नाही, म्हणून मी त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली.

मग व्हिडिओ पाहिले. परदेशातले लोक एका दांड्यावर तास तास बोलतात आणि एकाच्याही नखात काळं नाही. मी दांडा काढला फवारणीच्या जुन्या पंपाचा. ओढ किती झाली ते कॉम्प्युटरला कळायला हवं, म्हणून डीजेवाल्याच्या बिघडलेल्या मिक्सरमधली आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी आणून दांड्याला जोडली. पट्टी आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये लागणारं छोटं सर्किट जावयांनी कुरिअरनं पाठवलं आणि तासभर फोनवर सांगून माझ्याकडून चालू करून घेतलं, हे कबूल करतो. तो तासभर मी त्यांना जी जी करत होतो.

स्प्रिंग मात्र माझी. आम्हा जिनिंगवाल्यांची खोडच आहे, स्प्रिंग म्हटली की कडकच पाहिजे. मशीनमधली स्प्रिंग सैल पडली की सरकीला रुई चिकटून राहते आणि मालक डोक्यावर बसतो. माझ्या डब्यात सगळ्या तसल्याच. त्यातली सगळ्यात जबर निवडून बसवली, ओढून सोडली, खट्ट असा आवाज आला. फार खूश झालो. हा दांडा कुणाच्या हातासाठी करतोय, ते एकदाही मनात आलं नाही.

दादाला खुर्चीवर बसवलं. त्यानं मूठ आवळली, ओढलं. दांडा तसूभर हलला नाही. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. वहिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"बैल जुंपतं का याले?" असं म्हणून तो उठला. चार दिवस त्या खोलीकडं फिरकला नाही. जावयांच्या अकलेला नावं ठेवता ठेवता मी स्वतः अकलेचं दिवाळं काढलं होतं.

स्प्रे बाटलीतली नाजूक स्प्रिंग बसवली. दादाच्या हातात असेल तेवढाच जोर लावून ओढून पाहिलं, तर दांडा बोटभर यायचा, त्याहून जास्त नाही, आणि गोळी पाव गल्ली चढून परत यायची. हे दादाला कसं दाखवायचं? मी जावयांना फोन केला. त्यांनी सांगितलं, सेटिंग बदला, म्हणजे बोटभर ओढसुद्धा कॉम्प्युटर पूर्ण ओढ धरील. बदललं.

दादाला पुन्हा खुर्चीवर आणून बसवलं. त्यानं बोटभर ओढलं, सोडलं. गोळी सुसाट वर गेली, सगळे दिवे लागले, घंट्या वाजल्या. वहिनीनं टाळी वाजवली. दादा हसला नाही. त्यानं आपला हात पाहिला, दांडा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. मशीनचा नट मी आडवा पिळला की तो असाच पाहायचा.

"कोनं केलं हे?"

"काय केलं?"

"इतक्याशा ओढीनं गोळी वर जात नाई. सारी जिंदगी स्प्रिंगाच लावल्या मी. मले कायले फसवून राह्यला बे?"

कीबोर्डवरच्या त्या लांब पट्टीला मी महिनाभर हसत होतो आणि शेवटी भावाच्या हाताखाली तीच पट्टी लपवून ठेवली होती. सेटिंग पुन्हा होतं तसं केलं.

त्यानं पुन्हा ओढलं. गोळी पाव गल्ली चढली, थांबली आणि घरंगळत परत आली. पुन्हा ओढलं, पुन्हा तेवढीच. तिसऱ्यांदाही तेवढीच. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"हां, आता बरोबर हाय," दादा म्हणाला आणि त्यानं दांड्यावरची मूठ पुन्हा आवळली.