उसनं रक्त
स्पिरिटचा वास आला की मला परळचा तो जनावरांचा दवाखाना आठवतो आणि आजही पोटात दुखायला लागतं. गोचीड तापाने आमच्या कुत्र्याचं रक्त पार कमी झालं होतं. "आजच दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा गिरगावच्या चाळीतली आमची शेजारीण आपला लॅब्रॅडोर टॅक्सीत घालून धावत आली. त्या ढोल्याला मी कायम नावं ठेवायचे. आता तो टेबलावर शहाण्यासारखा पडून रक्त देत होता आणि सगळा दवाखाना त्याचेच लाड करत होता. संध्याकाळी आमच्या कुत्र्याने डोळे उघडून शेपूट हलवलं, तेही तिला बघून! "हलवणारच गं, आमचंच रक्त आहे ना," ती म्हणाली, आणि पुढे कितीतरी वर्षं गॅलरीत येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच ऐकवत राहिली. परवा आमचा कुत्रा म्हातारा होऊन गेला, तर माझ्याआधी तीच ओक्साबोक्शी रडायला लागली, आणि मी त्याचा पट्टा हातात धरून तिच्या रडण्यावरही जळत उभी राहिले.